पहिली प्रार्थना कुणाची

आमच्या कंपनीने मला आणि अंबरीषला कावासाकीहून होक्काइदोला पाठवलं, कारण आम्ही हिंदू. खोटं वाटेल, पण मीटिंगमध्ये हेच कारण सांगितलं गेलं. तिकडच्या एका छोट्या गावाला पर्यटकांसाठी ॲप हवं होतं, गावातल्या तीन वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या जुन्या लाकडी चर्चचा इतिहास सांगणारं. तिघांचंही म्हणणं, आम्हीच पहिले. कुणी जपानी माणूस या भांडणात पडायला तयार नव्हता.

"ज्योत्स्ना-सान, तुम्हाला या पंथांतलं काही कळत नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"उत्तम," म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी केलेलं माझं हे पहिलं कौतुक.

भांडण नुसतं मानाचं नव्हतं. तिन्ही छपरांवरचा बर्फ आजवर गाव काढत होतं. यंदापासून गाव एकच चर्च सांभाळणार होतं, जे पहिलं असेल ते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोकांच्या मागे साप्पोरोची मोठी चर्चेस होती. मेथडिस्टांच्या मागे फक्त होरिए-सान होत्या, वय अठ्ठ्याऐंशी. सभासद त्याच, झाडणाऱ्या त्याच, घंटा वाजवणाऱ्याही त्याच. बर्फ काढला नाही तर छप्पर एका हिवाळ्यात खाली येतं, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी शिडी चढता येत नाही.

गावच्या ऑफिसात आम्ही तिन्ही पंथांच्या म्हाताऱ्यांना एका टेबलाशी बसवलं. होरिए-सान, कॅथलिकांचे त्सुजी-सान आणि ऑर्थोडॉक्सांचे वाकाबायाशी-सान.

इतिहास असा. एकशे तीसेक वर्षांपूर्वी सरकारने जंगल तोडून शेती करायला इथे माणसं पाठवली. ऐनू लोक इथे आधीपासून राहत होते. आपण देशाच्या सरहद्दीवर राहतो हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. आलेल्यांत तीन पंथांचे ख्रिस्ती होते आणि मोकळी खोली एकच, बियाणं ठेवायची, आत एक लोखंडी शेगडी. पहिल्या हिवाळ्यात एकाच रविवारी तिघांनी तिथे आळीपाळीने प्रार्थना सुरू केली आणि पुढे वेगळी चर्चेस बांधेपर्यंत तोच क्रम चालू राहिला. आधी पाळी कुणाची, ते कुठेच लिहिलेलं नाही.

"हे आपल्या मंडळासारखंच आहे की," अंबरीष कुजबुजला. आमचं मराठी मंडळ तीन वर्षांपूर्वी फुटलं. मी मूळ मंडळात आहे आणि तो फुटलेल्या. तो हे उलट सांगतो.

त्सुजी-सान उभे राहिले. "आमचे पूर्वज बर्फ तुडवत पोहोचले. बाहेर उणे वीस. दार उघडलं तर आत ऊब! देवाने खोली तापवून ठेवली होती. हा चमत्कार आम्ही दर नाताळला मुलांना सांगतो."

"आमच्याकडेही हेच सांगतात," वाकाबायाशी-सान म्हणाले. "दार उघडलं तर ऊब. दर रविवारी. आमचे पणजोबा रडले होते."

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू समोरच्याने चमत्कार ढापलाय.

"आणि तुमच्याकडे?" मी होरिए-सानना विचारलं.

"आमच्याकडे असलं काही झालं नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. "आजी तेव्हा दहा वर्षांची. म्हणायची, लाकडं ओली असायची, पेटायची नाहीत. बोटं फुटून रक्त यायचं."

इथे माझं डोकं सटकलं. आमच्या गणपतीला लोक ऐन प्रसादाला येतात, पोटभर जेवतात आणि म्हणतात, यंदा सगळं कसं आपोआप छान झालं हो! आपोआप? डोंबल आपोआप! पहाटे उठून हॉलमध्ये खुर्च्या मी लावते.

"त्सुजी-सान," मी म्हटलं, "शेगडी आपोआप पेटते का?"

"नाही."

"उणे विसात खोली रात्रभर गरम राहते?"

"शक्यच नाही."

"मग तुम्ही दार उघडायच्या आधी आत कोण होतं?"

जपानमध्ये इतकं सरळ विचारायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. आयत्या बिळावर नागोबा, हे मात्र मी मनातल्या मनात म्हटलं, तेवढं पथ्य पाळलं. अंबरीष खुर्च्यांचं नाव निघेल या भीतीने लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला.

वाकाबायाशी-सानना आधी उमगलं. ते उठले आणि होरिए-सानसमोर कमरेत पूर्ण वाकले. त्सुजी-सानना जरा वेळ लागला, त्यांना दर नाताळचा चमत्कार सोडायचा होता. मग तेही उठून वाकले.

"खोली गरम होती," त्सुजी-सान म्हणाले. "सांगायला फार उशीर झाला."

अंबरीषने ॲपमध्ये 'पहिलं चर्च' या रकान्यात मेथडिस्ट असं लिहिलं आणि स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली. कुणी हरकत घेतली नाही. चर्च वाचलं होतं, पण होरिए-सान स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगते, माझेही.

"आजीला मरेपर्यंत वाटायचं," त्या म्हणाल्या, "की कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"आलं होतं," वाकाबायाशी-सान मान खाली घालून म्हणाले. "पण आम्ही आभार देवाचे मानले."