गंगीचं दावं

मित्रांनो, मी एक जुनं दावं आहे. जुनं म्हणजे दीडच वर्षाचं, पण तेवढ्यात माझा अर्धा देह गेला आहे, म्हणून घाईनं सांगतो.

माझा जन्म तुळजापूरच्या एका कॉलेजातला. तिथं मैथिली नावाच्या शिक्षिकेनं जंतू पाळले होते. लोक कोंबड्या पाळतात, हिनं जंतू. त्यांना ती साखर कारखान्याची मळी खाऊ घाली. आयतं मिळालं की कोण सोडतं? खाऊन खाऊन जंतू फुगले आणि पोटात चरबीसारखा पदार्थ साठवून बसले. बाईंनी तो काढला, वितळवला, बारीक भोकातून त्याची तार काढली आणि ती तशीच बर्फाच्या पाण्यात बुचकळली. ती तार म्हणजे मी. हुडहुडी भरलेली असतानाच मला धरून ओढलं. हातभर होतो, दहा हात झालो. फार राग आला. पण खोटं कशाला बोलू, त्या ओढण्यानंच अंगात ताकद आली, नाहीतर बिस्किटासारखा मोडलो असतो. मग अशा शेकडो तारांना पीळ देऊन मला वळलं.

बाईंनी मला अणदूरच्या सिताबाईंकडे दिलं. त्यांची म्हैस गंगी. दावं तोडायचं आणि शेजारच्या वैजनाथच्या कडवळात, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या पिकात शिरायचं, हा तिचा नेम. "आता शिरली तर कोंडवाड्यातच घालतो बघा काकू," असं त्यानं बजावलं होतं. नायलॉन सिताबाईंना चालत नव्हतं, कारण त्यांची आधीची म्हैस नायलॉनचे तुकडे चघळून मेली होती. घरचं दूध आता माझ्या भरवशावर होतं.

वर्षभर गंगीनं हिसके दिले, मी दाद दिली नाही. "जंतूची चरबी हाय म्हनं, पन लई चिवट," म्हणत लोक मला ओढून बघायचे. मी जरा शेफारलोच.

खोट एकच, मी कडक होतो. गंगीची मान घासू लागली. केतकीच्या पानांच्या धाग्यांचं कडक दावं चार दिवस ओल्या शेणात पुरलं की मऊ पडतं, ही सिताबाईंच्या सासूची रीत. त्यांनी मला मायेनं उकिरड्यात पुरलं, गंगीला जुनं केतकीचं बांधलं आणि तिचं चारापाणी घरच्यांवर सोपवून लेकीच्या बाळंतपणाला माकणीला गेल्या. चार दिवसांचे तीन महिने झाले. उकिरड्यातले जंतू म्हणजे माझ्या आजोळचीच माणसं. त्यांनी पंगत मांडली आणि मलाच वाढून घेतलं.

सिताबाई परतल्या त्याच सकाळी गंगीनं केतकी तोडली आणि कडवळ गाठलं. त्या खोरं घेऊन उकिरड्याकडे धावल्या. आधी निघालं सासूच्या काळातलं निळं नायलॉन, जसंच्या तसं. मग मी निघालो, आणि हातात घेताच तुटलो.

तेवढ्यात मैथिलीबाई मला बघायला आल्या. माझी दशा पाहून त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "मावशी, हे मातीत जिरतं का, तेच मला बघायचं होतं. तुम्ही माझं काम केलंत."

"तुजं काम झालं, माजी म्हस गेली की गं," म्हणत सिताबाईंनी रस्त्याकडे बोट दाखवलं.

तिकडं वैजनाथ गंगीला हाकत कोंडवाड्याकडे निघाला होता. मैथिलीबाईंनी पिशवीतून माझा धाकटा भाऊ काढला, नवा कोरा. सिताबाईंनी तो खुंट्याला बांधला. "वैजनाथा, ओढून बघ बाबा. तुटलं तर मीच तिला कोंडवाड्यात सोडते."

वैजनाथनं सारी ताकद लावली. दावं राहिलं, खुंटा उपटला आणि गडी शेणात बसला. गंगी त्याच्याकडे बघत रवंथ करत राहिली. शेवटी त्यालाच हसू फुटलं. "बांधा काकू. पन खुंटा बी त्याच कॉलेजातनं आना."

मैथिलीबाईंना माझा उरलेला तुकडा बाटलीत ठेवायचा होता. सिताबाईंनी दिला नाही. त्या निळ्या नायलॉनकडे बघत राहिल्या. "ज्यानं माजी म्हस मारली ते अजून जित्तं हाय, आन् ज्यानं राखली ते मातीत चाललं." त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी मला परत उकिरड्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. अर्धं जेवन ताटात ठिवू न्हाय."

म्हणून मित्रांनो, काम आहे तोवर माझ्या भावंडांना कोरडं, खुंटीला टांगून जपा. आणि काम झालं की आठवण म्हणून कोंडून ठेवू नका. सिताबाईंसारखं आपल्या हातानं मातीत द्या.