पिंजूचं बिऱ्हाड

केजची हजराबी बांगड्या विकायची. डोक्यावर पाटी, पाटीत फडक्यात गुंडाळलेल्या बांगड्यांच्या माळा, आणि गळ्यात असा आवाज की ती वेशीतून आत शिरली की गावाच्या पार टोकाच्या घरातली बाई हात धुऊन ओसरीवर येऊन बसे. पन्नाशी उलटली होती, नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, पण बोलण्याचा उत्साह काही ओसरला नव्हता. बांगड्या भरता भरता ती एका गावच्या बातम्या दुसऱ्या गावात पोचवी, आणि बायाही बांगड्यांइतक्याच त्या बातम्यांसाठी तिची वाट बघत.

निजामाचा अंमल होता. तापाची मोठी साथ येऊन गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती. त्या फाल्गुनात हैदराबादेहून एक बडं कुटुंब आलं आणि केजजवळच्या आमराईत तीन दिवस तंबू ठोकून राहिलं. त्यांच्यासोबत वीतभर उंचीची, लांब मऊ केसांची कुत्री आणि तिची पिल्लं होती. ती बघायला गावातली निम्मी माणसं आमराईत जाऊन आली. चौथ्या दिवशी तंबू उठले, गाड्या निघून गेल्या. पाचव्या दिवशी हजराबी त्याच वाटेनं परत येत होती, तर बांधावरच्या काट्यांच्या कुपाटीभोवती गावची तीन दांडगी कुत्री नाक खुपसून उभी.

हजराबीनं पाटी खाली ठेवली आणि एकच आरोळी ठोकली. तिन्ही कुत्री शेपट्या घालून पळाली. पण कुपाटीत जे काही होतं, तेही त्या आरोळीनं आणखी आत सरकलं. तिनं वाकून बघितलं. मळकट पांढऱ्या केसांचा एक गोळा, त्यात दोन काळे डोळे. कोपरापर्यंत ओरखडे काढून घेतले तेव्हा कुठं ते पिल्लू हाताला लागलं. बांगड्यांच्या एका माळेएवढंही त्याचं वजन नव्हतं. सारं अंग थरथरत होतं.

"बडे लोकांच्या गाडीतून पडलीस काय गं," हजराबी म्हणाली, आणि पिल्लाला पाटीतल्या फडक्यात गुंडाळून घरी आली.

घरी तिची सून मदिनाबी एवढंच म्हणाली, "अम्मी, नमाजाच्या मुसल्ल्याजवळ नको." ते हजराबीलाही पटत होतं. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की तो धुतल्याशिवाय नमाजाला उभं राहता येत नाही, आणि एकाच खोलीचं घर. पिल्लाची सोय अंगणात झाली. पण अंगणातच तिचा मुलगा वाहेद भांड्यांना कल्हई लावायचा, ठोके मारून पोचे काढायचा. पहिला ठोका पडला आणि पिल्लू रांजणाखालच्या ओल्या मातीत शिरलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. मदिनाबीनं दुधात कुस्करलेली भाकरी समोर ठेवली. कुणी बघत असलं की पिल्लू तोंड लावत नसे. सगळी पाठ करून उभी राहिली की वाटी रिकामी होई.

"इसके लिए कोई अच्छा घर देखो," वाहेद म्हणाला. "मेरे ठोकों से मर जाएगी बिचारी."

हजराबी हसली. बारा गावांतल्या घराघरांतली चूल तिला माहीत होती. एका वीतभर कुत्रीला घर शोधायला असा कितीसा वेळ लागणार.

दुसऱ्या दिवशी ती पिल्लाला पाटीत घेऊन विठ्ठलराव पाटलांकडे गेली. पाटील आडदांड गडी, राखणीला कुत्रं पाहिजे असं महिनाभर म्हणत होते. हजराबीनं ओसरीवर बसून सुरुवात केली. "पाटील, हैदराबादची जात हाय. नवाबाच्या गादीवर बसणारी. असं जनावर तुमच्या दाराशिवाय शोभायचं न्हाई." एवढं होईतो पिल्लू पाटीतून उतरलं, इकडं तिकडं बघितलं आणि पायरीवरच्या पाटलांच्या जोड्यात शिरलं. थेट पंजापर्यंत. बाहेर फक्त शेपटीचं टोक. पाटलांनी जोडा उचलून हलवला, तर पिल्लानं आत नखं रोवली.

"चाची," पाटील जोड्यात डोळा घालून म्हणाले, "चोर आला तर मी जोडे घालू का हिला काढू?"

घरातल्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. शेवटी पाटील अनवाणी मळ्यात गेले. दुपारी पिल्लू आपण होऊन बाहेर आलं, तेव्हा हजराबीनं पाटी उचलली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात केशरबाईचं घर. केशरबाई मोठ्या मनाची, घरात सात लेकरं. पिल्लू बघताच ती म्हणाली, "ठिवा इथंच. सात पोटांत आठवं काय जड हाय?" हजराबीला वाटलं, झालं काम. पण तोवर सातही लेकरांनी पिल्लाला घेरलं होतं. एक कान धरतोय, एक शेपूट, धाकटीला ते मांडीवरच पाहिजे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पिल्लानं मात्र धाकटीचा परकर ओला केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

हजराबीनं नव्या सुनांचे, लहान पोरींचे हजारो हात दाबले होते. हात घाबरून आवळला असला की बांगडी पुढं सारायची नसते, हे तिला बोटांनीच कळे. सारली की ती फुटते आणि मनगट रक्ताळतं. तिनं लेकरांच्या मधून हात घातला आणि पिल्लाला उचललं.

"राहू दे, केशरबाई. न्हेते मी हिला."

"कावून? आमच्या घरात काय खोट हाय?"

"खोट न्हाई गं. घर भरलेलं हाय, अन् ही लई भित्री हाय."

केशरबाईचं तोंड उतरलं. "मंग बांगड्याबी तिकडंच भरा, जिथं कुत्रीला करमंल," ती म्हणाली आणि आत निघून गेली. हजराबी भर दुपारी तिथून निघाली. बारा वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं की काय, याची रुखरुख लागली होती, आणि पाटीतल्या जिवाला त्याचं काहीच नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. गावाच्या कडेला गहिनीनाथ सणगराचं घर होतं. तो घोंगड्या विणायचा, त्याची बायको भिवराबाई रहाटावर लोकर कातायची. मूलबाळ नव्हतं. हजराबी या घरी फारशी थांबत नसे, कारण भिवराबाई बोलतच नसे. हात पुढं करायची, दोन बांगड्या भरून घ्यायची, मान हलवायची. बातमी सांगून तरी काय उपयोग, तिथून पुढं ती कुठं जाणारच नव्हती. पण आज सावली हवी होती, म्हणून हजराबी आत शिरली.

घरात अंधुक, गार. एका कोपऱ्यात पिंजलेल्या लोकरीचा ढीग, सुताला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, आणि रहाटाची एकसुरी घरघर. गहिनीनाथ बाजारला गेला होता. हजराबी टेकली, पदरानं वारा घेतला आणि सवयीनं सुरू झाली, "भिवराबाई, ही हैदराबादची..."

भिवराबाईनं रहाट न थांबवता ओठावर बोट ठेवलं.

पिल्लू पाटीतून उतरलं होतं. भिंतीच्या कडेकडेनं ते लोकरीच्या ढिगापर्यंत गेलं, हुंगलं आणि ढिगात दिसेनासं झालं. भिवराबाईनं तिकडं मानही वळवली नाही. धागा येत राहिला, रहाट फिरत राहिला. हजराबीच्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड दुपार असावी. पाटलांच्या जोड्याची गंमत जिभेवर आली, तिनं गिळली. केशरबाईच्या रागाची गोष्ट आली, तीही गिळली. दोनदा खोकली, तर भिवराबाईनं बघितलं, म्हणून खोकणंही थांबवलं.

बऱ्याच वेळानं ढीग हलला. आधी नाक, मग डोळे. कपाळावर लोकर चिकटलेलं पिल्लू चार पावलं आलं, थांबलं, आणखी दोन पावलं आलं. त्यानं भिवराबाईच्या पायाचा अंगठा हुंगला आणि तिच्या पदराच्या टोकावर अंग टाकून झोपी गेलं.

गहिनीनाथ आला तेव्हा दिवस कलला होता. चूल थंड, घरात दोन बाया चित्रासारख्या बसलेल्या. त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं पदराकडं बोट दाखवलं.

"कुत्रं?" तो हळूच म्हणाला. "लोकर कुरतडंल की."

भिवराबाईनं पदराचं टोक तसूभरही हलू दिलं नाही.

"अन् एवढ्याशाचा उपेग काय?"

तो डोकं खाजवत चुलीपाशी गेला आणि स्वतःच काटक्या मोडायला लागला. आवाज होऊ नये म्हणून त्या धोतराच्या सोग्यात धरून मोडत होता. हजराबीनं ते बघितलं, रिकामी पाटी उचलली आणि पाय न वाजवता बाहेर पडली. वेशीबाहेर आल्यावर मात्र ती मोठ्यानं बोलायला लागली, एकटीच, घर येईपर्यंत.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा त्या गावात गेली. आधी भीत भीत केशरबाईच्या दारात उभी राहिली. केशरबाई हात पुढं करून बसली आणि म्हणाली, "भरा, चाची. पोरं सणगराकडं जाऊन बघून आली. लांबून बघतात, भिवराबाई जवळ जाऊ देत न्हाई."

हजराबी तशीच सणगराच्या घरी गेली. मागाच्या खड्ड्यात गहिनीनाथच्या पायांपाशी पिल्लू झोपलं होतं, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून तो पाय आखडून विणत होता. भिवराबाईनं हजराबीसाठी घोंगडी अंथरली.

"बसा, चाची. पिंजलेल्या लोकरीत घुसली म्हणून हिचं नाव पिंजू ठिवलं. लई वाईट हाय," ती म्हणाली. "परवा खळीचं भांडं चाटलं. तोंडाला सारी खळ वाळली, तोंडच उघडंना. मी कोमट पाण्यानं सोडवलं तर माझ्यावरच रुसली. मंग आमचे हे..."

हजराबीनं मध्ये काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण भिवराबाई थांबायला तयार नव्हती. पिंजूला कोणती भाकरी चालते, कोणती चालत नाही, मेंढरं आली की ती कुठं लपते, आणि कालपासून लपतसुद्धा नाही, नुसती दारात उभी राहून बघते, हे सगळं क्रमानं सांगायचं होतं. हजराबीनं पाटी बाजूला सारली, भिंतीला टेकली आणि पुढची गावं उद्यावर ढकलून ऐकत बसली.