बाकी एकतीस

देवळाच्या भिंतीवर फ्लेक्स. त्यावर ओळीने पाच एक्के.
भोरहून आलेला टेम्पो, पेंढ्यात निजलेल्या पणत्या.
ओढ्यापलीकडच्या बांधावर एक फणस.

कमळाबाईंनी फरशीवरचा कोळशाचा भागाकार पदराने पुसला आणि सुनेला म्हणाल्या, पुन्हा मांड. त्रिपुरी पौर्णिमेला वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्याने सारख्याच पणत्या लावायच्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. उंबरे चाळीस. गेली पाच वर्षं हजार पणत्या आणत, बिनबोभाट जमे. यंदा मंडळाच्या सोमनाथने हौसेने फ्लेक्सवर अकरा हजार एकशे अकरा छापल्या आणि तेवढ्याच आणल्या. घरटी दोनशे सत्त्याहत्तर वाटून एकतीस उरत होत्या.

"उरलेल्या म्या लावते," कमळाबाई म्हणाल्या.

"म्हंजी तुमचा उंबरा मोठा का?" वाती वळणाऱ्या रत्नाने विचारलं.

बायका खिदळल्या. कमळाबाईही हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. पाच वर्षांमागे बांधावरचा एक फणस थोरल्या जावेने, साळूबाईने, जास्तीचा नेला तेव्हा त्यांनी तिला नेमकं हेच विचारलं होतं. साळूबाई म्हणाली होती, मग मला तुमच्यात धरू नका. कमळाबाईंनी धरली नव्हती. उंबरे मोजायचं काम त्यांच्याचकडे होतं.

"दुसऱ्या कशानं भाग जातो का बघ की," त्या सुनेला म्हणाल्या.

सून सारिका बी.एस्सी. झालेली. तिने दोनने पाहिलं, तीनने, सातने, अकराने. कोळसा झिजत गेला.

"हट्टी आकडा आहे, आत्या. एकाच जागी फुटतो. एकेचाळीस उंबरे, घरटी दोनशे एकाहत्तर. नाहीतर उंबरे तरी दोनशे एकाहत्तर हवेत."

"तेवढे उंबरे आणू कुठनं?"

"तेवढे कशाला," सारिका मान वर न करता म्हणाली, "एकच कमी पडतोय."

रत्नाची वात वळायची राहिली. कमळाबाईंनी ओढ्याकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे, जणू तिथला एखादा एक्का गळून पडेल. तो काही पडला नाही. त्यांनी दुरडी ओढली, पणत्या मोजून भरल्या आणि डोक्यावर घेतली.

"आकड्यापुढं कुणाचं चालतंय," त्या जाता जाता म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ओढ्यापलीकडे साळूबाई अंगणात भात वाळवत होती. तिने जावेकडे पाहिलं, दुरडीकडे पाहिलं.

"काय काम काढलंस?"

"दोनशे एकाहत्तर हायती, आक्का. मोजून घ्या. मागनं म्हणाल, कमी दिल्या."

"घेते की. तुझा भरवसा न्हाई."

साळूबाई खरंच मोजायला बसली. शंभराच्या अलीकडे तिला फणसाची आठवण झाली, दोघी बोलत सुटल्या आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा कमळाबाई चुकल्या.

"बस हितं," साळूबाई पाट सरकवत म्हणाली. "ह्याला दोघी लागत्यात."

फ्लेक्स छापायला टाकण्याआधी सोमनाथने सारिकाला विचारलं होतं, पणत्या किती लिहू.