फाइली कुठे ठेवायच्या
“ताई म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. आज नाही बसणार,” धाकटा भाऊ टेबलावर हात आपटत म्हणाला.

“गप्प? तू?” ताई म्हणाली. “जन्मल्यापासून तुझं तोंड मिटलेलं मी पाहिलं नाही.”

भाड्याच्या हॉलमध्ये दोघांची माणसं समोरासमोर बसली होती. दोघंही संगणक-प्रणाली चालवत. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी अशी. पूर्वी प्रणाली एकच होती. प्रोग्रामच्या फाइली कुठल्या फोल्डरात ठेवायच्या, यावरून दोघांचं बिनसलं आणि भाऊ अर्धी माणसं घेऊन वेगळा झाला. भावंडं जमिनीवरून भांडतात, ही कपाटाच्या कप्प्यांवरून भांडली, असं लोक म्हणत. तेव्हापासून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एकच सामान दोन घरांसाठी दोन तऱ्हांनी बांधावं लागे.

आजची बैठक एकच तऱ्हा ठरवायला होती. सकाळपासून ठरलं काहीच नव्हतं, उणीदुणी तेवढी निघाली होती.

“तुमची मांडणी म्हणजे अडगळीची खोली,” भाऊ म्हणाला. “शोधणाऱ्यानं काय नवस बोलायचा?”

“आणि तुमची म्हणजे पोतं!” ताईचा जुना सहकारी, चष्मिष, ओरडला. “तळातलं जुनं ओढून काढायला जावं तर वरचं नवंही फाटतं.”

मागच्या रांगेतला एक माणूस उठला. दृष्टिहीनांना संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम तो एकटा लिहीत असे.

“दोन्हीकडचं बांधून बांधून मेटाकुटीला आलोय. यापुढे तुमच्यापैकी कुणासाठीच बांधणार नाही. बसा भांडत.” त्याने पिशवी खांद्याला लावली.

“बघ! तुझ्या हट्टापायी,” भाऊ म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. कान लाल, जबडा आवळलेला. लहानपणी खेळणं द्यायची वेळ आली की तो ते मोडून टाकायचा. आपली मांडणी सरस आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“थांबा हो,” ती पिशवीवाल्याला म्हणाली. “त्याची मांडणी घेऊ. सगळी. आम्ही आमची मोडतो.”

“वा!” चष्मिष उभा राहिला. “घरचं घरात मिटवलंत. आम्ही काय सतरंज्या उचलायला होतो?” तो गेला. त्याच्यामागून तिची बाकीची माणसंही गेली.

“तुमच्या फोल्डरांची जुनी नावंही राहता कामा नयेत,” भाऊ म्हणाला.

“नाही राहणार.”

“आधीच ऐकलं असतंस तर—”

“बास. मांडणी दिली, कान नाही दिले.”

पिशवीवाला खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकटीच फाइली हलवायला बसली. दुपारी भावाच्या मांडणीत तिला एक चूक सापडली. तशीच राहिली असती तर लोकांची सेटिंग पुसली गेली असती. तिने ती दुरुस्त करून त्याला पाठवली.

उत्तर आलं: “घेतली.” त्यात ना ताई, ना आभार.

तिने पुढचा फोल्डर उघडला.