गप्प उभी राहणारी जाई

मी एक म्हातारी पांढरी घोडी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी थकले आहे. आजारी नाही. दात शाबूत आहेत, डोळ्यांना दिसते, गवताचा वास दुरून कळतो. पण थकवा असा आहे की रात्रभर विश्रांती घेऊनही तो सकाळी माझ्या आधी जागा असतो.

माझे नाव जाई. तळोज्याच्या कारखान्यांच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी घोड्यांचे एक इस्पितळ आहे. मी तिथे राहते, पण रुग्ण म्हणून नाही. मी तिथे डॉक्टरांना शिकवते.

हसू नका. खरेच सांगते.

माझे तरुणपण माथेरानच्या लाल मातीत गेले. तुमच्यासारखी मुले माझ्या पाठीवर बसून फिरायची. कुणी घाबरून रडायचे, कुणी माझी आयाळ घट्ट धरायचे. मी कुणालाही पाडले नाही. पण एका पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावरून माझाच पाय घसरला आणि पुढच्या पायाची शीर दुखावली. माझ्या मालकाने मला टेंपोत घालून इथे आणले. पाय बरा झाला, पण ओझे घेऊन डोंगर चढण्याइतका नाही. मालक गरीब होता. माझ्या कपाळावर हात ठेवून तो खूप वेळ उभा राहिला आणि मग एकटाच परत गेला. मी दोन दिवस फाटकाकडे तोंड करून उभी होते.

इस्पितळाचे मोठे डॉक्टर नंदकिशोर. त्यांनी मला टाके घातले, सुया टोचल्या, मलमपट्टी केली. त्या सगळ्यात मी जागची हलले नव्हते. ते म्हणाले, "अशी शांत घोडी मी बघितली नाही. राहू दे हिला इथेच. नवीन मुलं हिच्यावर शिकतील."

झाले. त्या दिवसापासून माझे काम ठरले. गप्प उभे राहायचे.

दरवर्षी नवे डॉक्टर येतात. कॉलेजात त्यांनी गाई-म्हशी पाहिलेल्या असतात, कुत्री-मांजरी पाहिलेली असतात. घोडा मात्र बहुतेकांनी वरातीतच पाहिलेला असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी ते दोन हात लांबच उभे राहतात. नंदकिशोर सर त्यांना माझ्यापाशी आणतात. "मागून जाऊ नका. आधी खांद्यावर हात ठेवा. बोलत राहा, म्हणजे तिला कळेल तुम्ही कुठे आहात." मग ती मुले माझ्या पोटाला कान लावून आतली गुरगुर ऐकतात, जबड्याखालची नाडी शोधतात, मानेची शीर शोधतात. सगळ्यात कठीण काम नळीचे. घोड्याच्या पोटात कळ आली की नाकातून लांब नळी थेट जठरापर्यंत घालावी लागते. ती चुकून श्वासनळीत गेली आणि त्यातून औषध ओतले, तर घोडा जगत नाही. म्हणून ती नळी आधी माझ्या नाकात घालून शिकायची. ती घशाला टेकली की मी आपणहून गिळते. नव्या डॉक्टरांना वाटते, आपल्याला जमले!

माझा आणखी एक उपयोग आहे. मला कधी शिंगरू झाले नाही. अशा घोडीचे रक्त दुसऱ्या घोड्यांना सहसा बाधत नाही. म्हणून कुणाला रक्त लागले की मलाच बाहेर काढतात.

माझे कौतुकही खूप झाले. शिकून गेलेले डॉक्टर कधी भेटायला येतात, गूळ आणतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. निरोपाच्या दिवशी मला झेंडूचा हार घालतात. मग ते जातात, हार सुकतो आणि नवी मुले येतात. माझ्या मानेची डावी शीर आता टणक झाली आहे. तिथली कातडी जाड झाली आहे. ते मात्र फोटोत दिसत नाही.

गेल्या वर्षी दोन शिकाऊ डॉक्टर आले. निशांत आणि संघप्रिया. निशांत कोपरखैरण्याचा. बोलका, हसरा, मनाने चांगला. पण त्याच्या घरी सारखे काहीतरी असायचे. आज साखरपुडा, उद्या पूजा. संघप्रिया हिंगोलीकडच्या एका खेड्यातली. त्या गावातली पहिली डॉक्टर. ती कमी बोलायची आणि तिला 'नाही' हा शब्द ठाऊकच नव्हता.

"संघप्रिया, आज माझी ड्युटी घेशील? प्लीज यार, शेवटचं."

"हो, घेते."

असे शेवटचे कितीतरी वेळा झाले. पोटदुखीच्या घोड्याला बसू द्यायचे नसते, म्हणून ती त्याला धरून अंगणात तासन्‌तास फिरवायची. डबा उभ्यानेच खायची. मग माझ्या तबेल्यात यायची, माझ्या खांद्याला डोके टेकायची आणि तिचे डोळे मिटायचे. आमच्या तबेल्यांची झाडलोट करणाऱ्या सुमित्राबाई साताऱ्याकडच्या. त्या एकदा तिला म्हणाल्या, "अगं पोरी, घोड्यावानी उभ्यानं झोपतीस व्हय? पडशील की!"

नळी घालायला तिला सुरुवातीला अजिबात जमेना. एकदा माझ्या नाकातून रक्त आले. ती तिथेच रडायला लागली. नंदकिशोर सर म्हणाले, "रडून झालं? मग दुसऱ्या नाकपुडीतून घाल." तिने डोळे पुसले, माझ्या कानाशी येऊन "सॉरी गं जाई" म्हणाली आणि परत घातली. या वेळी नळी बरोबर गेली. तिचा हात हलका होता. इतक्या वर्षांत किती हात माझ्या मानेवरून फिरले. त्यातले हलके हात मला लक्षात राहतात.

आता त्या दुपारची गोष्ट सांगते.

लग्नसराईचे दिवस होते. बोनकोडे गावातले ज्योतिबा वरातीला घोडे देतात. त्यांचा लाडका घोडा कान्हा टेंपोतून उतरत असताना कुठलासा फाटका पत्रा त्याच्या मांडीत घुसला. मोठी रक्तवाहिनी कापली गेली. ज्योतिबांनी डोक्याचा फेटा सोडून जखमेवर आवळला आणि तसेच त्याला आमच्याकडे आणले. फेट्याचा मूळ रंग कोणता होता ते कळत नव्हते.

नंदकिशोर सर सकाळपासून एका घोड्याचे ऑपरेशन करून नुकतेच चहाला बसले होते. कप तसाच ठेवून ते धावले. जखमेत हात घालून त्यांनी ती रक्तवाहिनी बोटांनी दाबून धरली. कान्हा थरथरत होता. त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"याला रक्त द्यावं लागेल," सर ओरडले. "संघप्रिया, जाईला आण. लवकर!"

संघप्रिया धावत माझ्याकडे आली. मी मान पुढे केली. सवयच होती. तिने दावे हातात घेतले आणि निघता निघता माझा ओठ वर उचलून हिरडी पाहिली. मग थांबली. बोटाने हिरडी दाबली, परत पाहिली. कानाला नळ्या लावून माझे काळीज ऐकले. एक थेंब रक्त घेऊन शेजारच्या खोलीतल्या यंत्रात फिरवून आणले. या सगळ्याला फार वेळ लागला नाही, पण बाहेर कान्हासाठी तो वेळ मोठा होता.

"काय करतेयस? आण तिला!" बाहेरून सर ओरडले.

ती दारात गेली. एकटीच.

"सर, जाई नको."

"काय?"

"हिनं गेल्याच पंधरवड्यात एका शिंगरासाठी रक्त दिलंय. ते अजून भरून आलेलं नाही. हिच्या हिरड्या फिक्या आहेत, ठोके वाढलेत. आज परत घेतलं तर ही पडेल, सर. उठणार नाही कदाचित."

"आणि नाही घेतलं तर हा मरेल!" सरांचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. "मला हात काढता येत नाही. लवकर सांग, काय करायचं?"

ज्योतिबा कान्हाचे डोके धरून उभे होते. त्यांनी हात जोडले. "गो बाय, ती म्हातारी घोरी हाय. माजा कान्हा जवान हाय. पोरावानी वारवलाय त्याला. घे ना गो रगत तिचा."

मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी कुणीही हेच म्हटले असते. खरे सांगायचे तर मलाही वाटले, द्यावे. मी कधी नाही म्हटलेच नव्हते. नाही कसे म्हणायचे हेच मला माहीत नव्हते.

पण संघप्रिया मागे सरली नाही. म्हणाली, "सर, तुफानचं घेऊ."

तुफान म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेला, शेवटच्या तबेल्यातला काळा घोडा. धडधाकट, चकचकीत. पण चावायचा, लाथा मारायचा. त्याने एका माणसाची बरगडी मोडली होती. म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नसे. तो मस्त खायचा आणि आरामात राहायचा. काम सगळे माझ्याकडे यायचे, कारण मी उभी राहायचे.

"त्याला कोण धरणार?" सरांनी विचारले.

"मी जाते."

"येईल तुला?"

"येईल, सर."

ती तुफानच्या तबेल्यात शिरली. माझा तबेला समोरच आहे, त्यामुळे मला सगळे दिसत होते. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलत होती ते तिलाही ठाऊक नसेल. तुफानने अंग टाकून तिला भिंतीवर दाबले. तिच्या तोंडून "आई गं" निघाले. ती बाहेर पळेल असे मला वाटले. ती पळाली नाही. श्वास घेतला आणि परत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात निशांत आला. त्याचा चेहरा भीतीने उतरला होता, पण त्याने पुढे होऊन तुफानचा लगाम दोन्ही हातांनी धरला.

"मी धरतो. तू कर," तो म्हणाला.

आधी तिने थोडेसे रक्त काढून कान्हाच्या रक्तात मिसळून पाहिले. गाठी झाल्या नाहीत. मग मानेवरचे केस काढले, जागा बधिर केली आणि सुई घातली. तुफानने कान मागे पाडले, एक पाय आपटला. सुई हलली नाही. पिशवीत रक्त उतरू लागले. एक पिशवी भरली, मग दुसरी. तुफान नाक फुरफुरवत उभा होता. उभा! त्यालाही बहुतेक पहिल्यांदाच कळले असेल की आपल्याला उभे राहता येते.

तोपर्यंत कान्हाचे गुडघे दुमडले होते. तो खाली बसला होता आणि ज्योतिबा त्याचे डोके मांडीवर घेऊन मातीत बसले होते. सरांनी रक्तवाहिनी बांधली. रक्ताची पिशवी वर टांगली. सुमित्राबाईंनी ज्योतिबांना पाणी दिले, पण त्यांनी ते स्वतः न पिता ओंजळीने कान्हाच्या ओठांना लावले.

ऊन कलले तेव्हा कान्हाने मान उचलली. मग बादलीतले पाणी प्याला. तो आवाज सगळ्या तबेल्यांत ऐकू गेला. ज्योतिबा तोंडावर उपरणे धरून रडले.

सरांनी त्यांना स्पष्ट सांगितले, "जगेल. पण तो पाय अधू राहणार. वरातीत नाचणार नाही आता."

"नको नाचू दे," ज्योतिबा म्हणाले. "दारान उभा रेला तरी बास." मग ते संघप्रियाजवळ आले. "बाय, मी मगाशी बोललो तां मनावर नको घेव हां."

"नाही घेतलं, काका," ती म्हणाली. तिचा खांदा सुजला होता.

सर माझ्या तबेल्यात आले. त्यांनी स्वतः माझा ओठ उचलला, हिरडी पाहिली आणि ओठ हळूच खाली सोडला. खूप वेळ माझ्या मानेच्या त्या जाड कातडीवरून हात फिरवत राहिले. "हे मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. संघप्रिया दारात उभी होती. तिच्याकडे न वळताच ते बोलले, "हिचं पूर्ण भरून येईपर्यंत हिला कुणी सुई लावायची नाही. आणि तू उद्या येऊ नकोस. झोप."

"सर, उद्या निशांतची ड्युटी माझ्याकडे आहे."

मागून निशांत म्हणाला, "नाही. माझी मी करतो." मग पुढे म्हणाला, "सॉरी यार. तू कधी नाही म्हणालीच नाहीस. मला वाटलं, तुला चालतं."

संघप्रियाने त्याच्याकडे पाहिले. "चालत नव्हतं," ती म्हणाली. एवढेच. पण ते बोलल्यावर ती तिथेच पायरीवर बसली, गुडघ्यांवर डोके ठेवले आणि झोपून गेली. बसून झोपली. कुणी तिला उठवले नाही.

तिचे शिकणे संपले. आता ती पुण्याकडे घोड्यांचीच डॉक्टर आहे. कान्हा लंगडत लंगडत बोनकोड्याला आपल्या घरी गेला. तुफान अजून चावतो, पण रक्त आता आम्ही दोघे आळीपाळीने देतो.

या वर्षीही नवी मुले आली आहेत. कालच त्यांतली एक मुलगी नळी घेऊन माझ्याकडे आली. तिने माझी हिरडी पाहिली, पाय चाचपले आणि म्हणाली, "आज राहू दे हिला." नळी गुंडाळून ती निघून गेली. मला क्षणभर काय करावे तेच कळेना. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग सावलीत गेले आणि गवत खाल्ले.

मित्रांनो, माझा थकवा काही गेलेला नाही. म्हातारपणाचा थकवा जात नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणीतरी असेल, जे प्रत्येक कामाला 'बरं' म्हणते. सगळे त्यालाच हाक मारतात, कारण ते कुरकुरत नाही. एकदा त्याच्याजवळ जा. थकलास का, थकलीस का, एवढे विचारा. त्याला हे आजवर कुणी विचारलेले नसेल, म्हणून उत्तर यायला वेळ लागेल. तेवढे थांबा.