कोरी राहिलेली चाचणी

लाल बाजूने. निळ्या बाजूने खोडलं की कागदाचं सालपट निघतं, म्हणून लाल बाजूने, आणि तेही एकाच दिशेने, वरून खाली... सुलक्षणाने खोडरबर चिमटीत धरलं आणि सतराव्या प्रश्नासमोरचं भूमिकाचं उत्तर हलक्या हाताने पुसून टाकलं. चुरा दारापुढच्या ओट्यावरून फुंकला. एक चिमणी तो दाणा समजून आली, बघून गेली.

पुस्तक इंग्रजीच्या परीक्षेचं, परदेशी शिकायला जाणाऱ्यांना द्यावी लागते त्या. शिंदखेड्याच्या कुणा मुलाने ते खोडून भूमिकाला दिलं होतं. आता लेक आयर्लंडला पोचून तीन महिने झाले, तेव्हा तिचं खोडून कन्हैयालालशेठच्या नातीला, प्रियलला द्यायचं. उत्तरं तशीच ठेवून पुस्तक पुढे देणं म्हणजे उष्ट्या ताटात वाढणं. काल फोनवर भूमिकाने बजावलं होतं, “आई, प्रियल उद्या पाचला येईल. नीट खोडून ठेव. आणि तुझंही खोड.”

तुझंही! म्हणजे कार्टीला ठाऊक होतं. उजव्या समासात लेकीची ठसठशीत अक्षरं आणि डाव्या समासात, मुंगी चालून गेल्यासारखी पुसट, आईची. कुणाला दिसू नयेत इतक्या हलक्या हाताने लिहिलेली. आणि लेक इतके महिने ती बघत होती नि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती! सुलक्षणाला लाज वाटली आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की तिने ओट्यावर बसल्या बसल्या पाय हलवले, लहान पोरीसारखे.

सुरुवात कशी झाली होती... गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर. भूमिका धुळ्याला क्लासला जायची आणि घरी आल्यावर सराव करायची. चाळीस प्रश्न, एक तास, मिनिटभरही जास्त नाही. “आई, तू फक्त घड्याळ धरून बस.” फक्त बस! रिकामं बसणं सुलक्षणाच्या माहेरी-सासरी सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. हातात गजराचं घड्याळ, समोर लेकीची खाली घातलेली मान... मग दुपारी, लेक धुळ्याला गेलेली असताना, तिने पुस्तक उघडून पाहिलं होतं, सहज. कॉलेजचं एक वर्ष झालं होतं तिचं, बी.ए.चं, इंग्रजी घेऊन. दुसऱ्या वर्षाचं नाव घालायच्या आधी ज्ञानेश्वरच्या घरची मंडळी बघायला आली. तेव्हाची इंग्रजी एवीतेवी गंजलीच असणार, असं ती धरून चालली होती. गंज होता, पण खाली लोखंड होतं. अडलेला शब्द फोनवर बघायचा, डाळ शिजेपर्यंत सात प्रश्न, कपडे भिजेपर्यंत पाच.

आणि काय काय होतं त्या उताऱ्यांत! काच कशी बनते, मीठ कुठून कुठे गेलं, दीपगृहात राहणारे लोक वर्षभर काय खात... भाकरी थापता थापता तिने एकदा नवऱ्याला सांगितलं होतं की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.

“तीन काळजं?” ज्ञानेश्वर म्हणाला होता, “मंग बायका बी तीनच व्हतीन त्याले!”

अठराव्या प्रश्नाशी खोडरबर थांबलं. हा तो. कापसावरचा उतारा. या प्रकारात एक वाक्य देतात आणि सांगायचं असतं — खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलं नाही. वाक्य होतं : कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी रंग बदलतं. तिने बेधडक ‘खरं’ लिहिलं होतं. उतारा वाचायची गरजच काय? पंचवीस वर्षं ती बघत आली होती, आज फुललेलं पिवळट-पांढरं, उद्या गुलाबी. पुस्तकाच्या मागे मात्र उत्तर होतं — दिलेलं नाही. दोन दिवस ती धुसफुसत होती. शेवटी आपल्याशीच बोलल्यासारखं लेकीला विचारलं, तेव्हा भूमिका पोट धरून हसली. “अगं, ते तुला माहीत आहे. उताऱ्यात नाही ना!” “मग उतारा लिहिणारा कधी वावरात गेला नसेल,” सुलक्षणा म्हणाली होती, आणि पुढचे कितीक प्रश्न तिने असेच चुकवले होते, माहीत असल्यामुळे. अडाणी माणूस माहीत नसल्याने चुकतं. आपलं बरोबर उलटं. तिला आत्ताही हसू आलं. तेही उत्तर तिने पुसलं, वरून खाली.

मग पुढची, एकेक करत, तिसरी चाचणी संपली. पान उलटलं, आणि चौथी चाचणी कोरी.

विसरलीच होती ती... नाही, कुठली विसरते. परीक्षेच्या आदल्या दिवसासाठी राखलेली ही. त्या दिवशी भूमिका म्हणाली, “आता पुरे, डोकं फुटेल, शेवभाजी कर,” आणि ही तशीच राहिली. तेव्हापासून कपाटावरचं पुस्तक झाडताना दर वेळी सुलक्षणाच्या मनात येऊन गेलं होतं — एकदा. सबंध एक तास, घड्याळ लावून, मध्ये न उठता. कुणासाठी घड्याळ धरून नाही. माझ्यासाठी. आज नाही, उद्या; उद्या पापड होते, परवा लग्न होतं... आणि आता पाच वाजता पुस्तक चाललं.

किती वाजले? चार वाजून सात मिनिटं. तूर निवडायची होती. आणि हे वावरातून चहाला येतील. शिवाय कशासाठी, बाई? कुठे जायचंय तुला? गुण विचारणारं कोण आहे? तिने पुस्तक मिटलं. उघडलं. आत जाऊन गजराचं घड्याळ आणलं, चावी दिली, काटा सव्वापाचच्या जरा अलीकडे लावला. चार वाजून बारा मिनिटांनी तिने पहिली ओळ वाचली, आणि छातीत असं धडधडायला लागलं की दाखवायच्या कार्यक्रमातही तसं धडधडलं नव्हतं.

पहिला उतारा घंटा ओतणाऱ्या कारागिरांवर. दुसरा झोपेवर. ज्ञानेश्वर आला तो दारातच थबकला. घड्याळ पाहिलं, पेन्सिल पाहिली.

“काय वं, तू बी चालनी का परदेशले?”

तिने मान वर केली नाही. आतून भांडी वाजली, डबे उघडले-मिटले.

“साखर कथी शे?”

उत्तर द्यायला अर्धं मिनिट जाईल... इतक्या वर्षांत साखरेचा डबा हलला नव्हता, सापडेल. सापडला. थोड्या वेळाने एक कप तिच्या शेजारी आला आणि तो पाय न वाजवता परत गेला. चहा गार होत राहिला. झोपेतल्या स्वप्नांवरचा सत्ताविसावा प्रश्न तिने बरोबर सोडवला, बरोबर म्हणजे तिला तसं वाटलं, आणि त्या वाटण्याचा आनंद चहाहून गरम होता.

फाटकाशी स्कूटी थांबली.

“काकू, येऊ का? आजीने खायला मठरी पाठवलीये.”

पाच. बारा मिनिटं उरली होती आणि अख्खा तिसरा उतारा. पाहुणा दारात आला की उठायचं, पाणी द्यायचं, बस म्हणायचं, चहा टाकायचा — पाय आपोआप उठायला लागले. मी उठणार, ती मनाशी म्हणाली, मी नेहमीच उठते... आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“ये, प्रियल, बैस. बारा मिनिटं थांब. पाणी माठात आहे.”

प्रियल गोंधळून उभी राहिली, मग वाकून तिने पान पाहिलं. डबा खाली ठेवला, ओट्यावर टेकली आणि घड्याळ उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. “अकरा,” ती हळूच म्हणाली.

तिसरा उतारा समुद्री पाखरांवर. उत्तरेकडून निघतात ती थेट दक्षिण टोकाला जातात. पिल्लं जन्मून पुरते तीन महिने होत नाहीत तोच उडतात. सुलक्षणा धावत वाचत होती, शब्द अडला तरी थांबत नव्हती. प्रश्न चौतीस, छत्तीस, एकोणचाळीस... आणि चाळिसावा. खरं, खोटं, की दिलेलं नाही? वाक्य होतं : दूर गेलेली पिल्लं आपल्या जन्मठिकाणी परत येतात.

पेन्सिल कागदाला टेकली. खरं. येणारच. दर रविवारी फोनवर ‘आई, तुझ्या हातचं भरीत’ म्हणणारी पोर येणार नाही तर कुठे जाईल... ती थांबली. वर गेली, उतारा पुन्हा पाहिला, एकेक ओळ, बोट ठेवून. पाखरं किती उंच उडतात, काय खातात, वारा कसा ओळखतात. परत यायचं कुठेच नव्हतं. येत नाहीत, असंही नव्हतं.

‘दिलेलं नाही,’ तिने लिहिलं. डाव्या समासात नव्हे, उजवीकडे, छापलेल्या रेघेवर, दाबून. लिहिताना रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण आलं ते हसूच, आतून, मोकळं, उगाचच्या उगाच.

“दोन मिनिटं, काकू,” प्रियल म्हणाली.

सुलक्षणाने मान हलवली, बाजूचं खोडरबर कपाच्या पलीकडे सारलं आणि पान मागे उलटून बाविसाव्या प्रश्नाकडे गेली. तिथे तिला जरा शंका होती.