वल्ह्याचा दांडा

मित्रांनो, मी पूर्णगडच्या एका घरातला जुना लाकडी दांडा. माझं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलं. उरलेलं आता न्हाणीघराच्या वाटेवर, भिंतीला धरून चाललं आहे.

उंडीच्या लाकडातून सुताराने मला तासलं, तेव्हा मी एका वल्ह्याचा दांडा होतो. मला हाती धरून या घरचा मोरू होडी हाकत असे. परतताना किनाऱ्यावर त्याची बायको गुणवंती टोपली घेऊन उभी दिसे. "हे वल्हं कधी दगा देत नाय," असं मोरू चारचौघांत सांगे, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे होडीला इंजिन आलं आणि मला पडवीत टांगून ठेवलं. मोरू वारला. मुलगा नितेश मुंबईला कामाला गेला. घरात गुणवंती आणि सून दर्शना, दोघीच राहिल्या. माझ्याकडे कुणी मान वर करून बघेना.

गेल्या वर्षी गुणवंती ओल्या लादीवर घसरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आली ती खाटेवरच.

नितेश फोनवर म्हणाला, "आईला आता उठूच देऊ नको. सगळं जागेवर दे."

"बसून बसून त्यांच्या पायातलं बळ जाईल," दर्शना म्हणाली. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पडणं थांबवूया, चालणं नको."

तिने सटकणारं पायपुसणं काढलं, अंधाऱ्या बोळात दिवा लावला, झिजलेल्या चपला फेकून दिल्या. मग तिची नजर माझ्यावर पडली. बाबल्या सुताराने माझं पातं कापलं. खरं सांगतो, जीव कळवळला. त्याने मला न्हाणीघरापर्यंतच्या भिंतीवर आडवं बसवलं. मी भार पेलतो का हे बघायला दर्शना स्वतः मला लोंबकळली, तेव्हा तो पोट धरून हसला.

गुणवंती मात्र रुसली. "त्यांचं वल्हं कापलंस गो! आणि मी काय पोर हाय, धरून चालायला?" प्लास्टर निघालं तरी ती मला हात लावीना. समोरच्या भिंतीकडून जाई.

एके सकाळी आंघोळ करून बाहेर येताना तिचा पाय साबणाच्या पाण्यावर गेला. तोल सुटला, आणि तिचा हात माझ्यावर आला. तिचा सगळा भार मी पेलला. माझे स्क्रू कुरकुरले, पण ती पडली नाही. मला घट्ट धरून ती तशीच उभी राहिली. मग तिने हाक मारली, "दर्शना, इकडं ये गो. पाय सटकला माझा."

दर्शना धावत आली. तिला खुर्चीवर बसवून पाय पुसू लागली. गुणवंती हळूच म्हणाली, "हाताला लागलं ना, त्याच्या आधीपण मी पडले होते. बोलले नाय."

"का ओ आई?"

"बोलले असते तर तुम्ही मला खाटेवरून उठू दिलं नसतंत."

दर्शनाचे डोळे भरून आले. "तुम्हाला बसवून ठेवणार नाय मी. पण आता लपवायचं नाय हां."

हल्ली त्या दोघी संध्याकाळी बंदरावर मासळी बघायला जातात. गुणवंती दर्शनाचा दंड धरते आणि भाव मात्र स्वतः करते.

मित्रांनो, तुमच्या घरी वडीलधारी माणसं असतील. त्यांच्या वाटेतली ओल पुसा, अडगळ उचला, धरायला काहीतरी भक्कम द्या. आणि "पडलात का?" असं विचाराल, तेव्हा आवाज चढवू नका. कुणी रागावणार नाही अशी खात्री पटली, तरच ती खरं सांगतात.